काल ना परत

काचीगुड्याच्या स्टेशनामागच्या गल्लीत नामदेवराव कऱ्हाळे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. आबकारी खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करूनही त्यांनी कधी थेंबाला तोंड लावलं नव्हतं, ही एक. आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं की हातातला चहा तसाच ठेवून ते उठून जात, ही दुसरी. पहिल्या गोष्टीबद्दल लोक मान देत. दुसरीबद्दल पाठीमागे हसत, कारण हैदराबादेत राहून सिनेमाच्या गाण्यापासून पळायचं म्हणजे माणसानं जायचं तरी कुठं? पानवाल्याकडे गाणं, इराण्याच्या हॉटेलात गाणं, ऑटोत गाणं, वरातीच्या बँडवर गाणं. नामदेवराव बिचारे निम्मं आयुष्य उठून जाण्यातच घालवत होते.

नव्वदनंतर तर त्यांची पुरतीच पंचाईत झाली. गल्लीत या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या काळ्या तारा आल्या आणि चोवीस तास गाणी दाखवणारे चॅनल घरोघर शिरले. त्यांचा मुलगा विकास बंगलोरला नोकरीला. त्यानं आईसाठी मोठ्या हौसेनं रंगीत टीव्ही पाठवून दिला. पद्मावतीबाई दुपारी त्याच्यासमोर मांडी घालून बसत आणि नामदेवराव अंगणातल्या खुर्चीवर. तिथं शेजारच्या घरचा टीव्ही ऐकू येई, ती गोष्ट वेगळी.

"तुमच्या काकांना हलकंफुलकं चालत नाही बाई," पद्मावतीबाई लोकांना सांगत. "त्यांचं सगळं जड असतंय. आ-आ करत तासभर बसायचं."

नामदेवरावांना हे ऐकून राग येत नसे. उलट थोडं बरंच वाटे. आपण खोल पाण्यातले आणि बायको काठावरची, असा त्यांचा तेवीस वर्षांचा समज होता, आणि समज जुना झाला की माणसाला तो स्वतःच्या दाढीइतका स्वतःचा वाटू लागतो. बायको कष्टाळू, घर नेटकं, स्वयंपाकाला हात चांगला, हे सगळं ते मान्य करत. फक्त मनानं जरा उथळ, एवढंच. हे त्यांनी तिला कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हणजे एकदाच म्हटलं होतं.

त्याची गोष्ट अशी.

नामदेवराव मूळचे बसमतकडचे. घरची शेती, पाच भाऊ. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती तेव्हा ते नोकरीला म्हणून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. लग्नानंतर पद्मावती आली ती चौथी शिकलेली, मराठीशिवाय दुसरी भाषा न येणारी. पण तिला कान होता. रेडिओवरची गाणी ऐकून ऐकून तिनं हिंदी उचलली, आणि एखादा शब्द अडला की ती भिंतीपलीकडे हाक मारी. पलीकडे अमीना आपा राहत. "आपा, ये 'बेकरार' किसकू बोलते?" असं ही विचारायची आणि आपा कपडे वाळत घालता घालता अर्थ सांगायच्या. दोन वर्षांत बाईला शंभर गाणी अर्थासकट पाठ झाली. नामदेवरावांना त्या काळात गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि कळावं असं वाटतही नव्हतं. त्यांचा पहिला मुलगा गौतम मात्र आईवर गेला. रेडिओ लागला की पोरगं व्हरांड्यात हात वर करून नाचायचं. नामदेवराव कचेरीतून आले की सायकल भिंतीला लावून पाच मिनिटं त्याचा नाच बघत उभे राहायचे.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत गौतमला ताप आला. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले. चार दिवसांत पोरगं गेलं. सहा वर्षांचं होतं.

त्यानंतर नामदेवरावांनी जे तोंड मिटलं ते मिटलं. कचेरीत जात, फाइली हातावेगळ्या करत, घरी येऊन उभ्यानं दोन घास खात. विकास तेव्हा दोन वर्षांचा. त्यालाही ते जवळ घेत नसत. गौतमचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतलं की ते बाहेर जात.

आणि अशात महिना-सव्वा महिना झाला असेल नसेल, एका रविवारी सकाळी पद्मावतीबाईंनी रेडिओ लावला. साधा नाही, मोठ्यानं. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. नामदेवराव आत आले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या काळजाला काही लागतं की नाही?"

पद्मावतीबाई कणीक मळत होत्या, मळत राहिल्या. रेडिओही बंद केला नाही. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी त्या घरात रेडिओ मोठ्यानं लागू लागला आणि दर रविवारी सकाळी नामदेवराव घरातून निघून जाऊ लागले.

असेच एका रविवारी चालत चालत बरकतपुऱ्यावरून ते नल्लकुंट्यात पोचले. पाय नेतील तिकडे जायचं, एवढाच बेत. एका बैठ्या घराच्या खिडकीतून बाईचा आवाज येत होता. गाणं नव्हतं ते. म्हणजे नामदेवराव ज्याला गाणं समजत तसं नव्हतं. शब्द नव्हते, ठेका नव्हता. नुसता एक आवाज सावकाश खाली उतरत होता. ते खिडकीशी थांबले. आतून एक मुलगी आली आणि म्हणाली, "काका, आत या ना, ताई कुणाला नको म्हणत नाहीत."

ताई म्हणजे इंदुताई. जामबागेतल्या एका शाळेत त्या गाणं शिकवत आणि रविवारी सकाळी घरी शिष्यांना घेऊन बसत. ज्याला ऐकायचं असेल त्यानं दारातून यावं, सतरंजीवर बसावं, असा उघडा मामला होता. नामदेवराव दाराशी बसले. इंदुताईंचा आवाज खाली उतरत उतरत एका जागी जाऊन थांबला, आणि पाच महिने ज्याच्या डोळ्यातून टिपूस निघाला नव्हता तो आबकारी खात्यातला माणूस परक्या घरात, परक्या बायकामुलींसमोर, रुमाल तोंडाशी धरून रडू लागला. कुणी वळून पाहिलं नाही. त्या घरची तीच रीत होती.

मग शब्द आले. इंदुताई गात होत्या: "काऽल ना परत मोहे, आंगन सूना लागे."

नामदेवराव चपापले. इतका वेळ हे सगळं हिंदुस्तानी असेल असं ते धरून चालले होते, आणि ही बाई तर मराठीत बोलत होती. काल ना परत. गेलेला काल परत येत नाही. आणि मोहे? लहानपणी गावात कीर्तनं ऐकलेला माणूस तो, त्याला अडचण कसली! मोहे म्हणजे मोहानं. कितीही मोह धर, काल परत यायचा नाही. आणि अंगण सुनं लागतं. व्हरांडा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, रिकामा. त्या बाईला हे कुणी सांगितलं?

घरी आले ते दुपारी एक वाजता. पाट मांडून बसले आणि पोटभर जेवले. ताटावर बसल्या बसल्याच म्हणाले, "गौतमला अंबाडीची भाजी आवडायची नाही." पद्मावतीबाई वाढताना थांबल्या. मग नामदेवरावांनी इंदुताईंचं सगळं सांगितलं, ओळ सांगितली, अर्थ सांगितला. "पद्मा, काल परत येत नाही. मोह करून येत नाही."

"हौ," पद्मावतीबाई म्हणाल्या. "अजून एक भाकर घ्या."

तेव्हापासून तेवीस वर्षं एक रविवार चुकला नाही. नामदेवराव काही गाण्यातले जाणकार झाले नाहीत. तीनतालाच्या मात्रा मोजता मोजता ते नेमके दहाव्या-अकराव्याला हरवत. राग ओळखायला गेले की शिष्या तोंड फिरवून हसत. पण ते म्हणत, विहिरीचं पाणी प्यायला विहीर खणणाऱ्याचं नाव कशाला लागतं? सिनेमाच्या गाण्याचं आणि आपलं का जमत नाही, हेही त्यांनी मनाशी नक्की केलं होतं. सिनेमाचं गाणं एकटं येत नाही. ते साल घेऊन येतं. दोन ओळी ऐकल्या की एकाहत्तर साल उभं राहतं, व्हरांडा उभा राहतो, सायकल भिंतीला टेकते. इंदुताईंच्या गाण्याला साल नव्हतं. तिथं जागाच जागा होती, आणि तुम्ही काय घेऊन आलात, कुणी विचारत नव्हतं. या एका गोष्टीसाठी ते इंदुताईंचे जन्माचे ऋणी होते आणि ते एकदा चार माणसांत, धड शब्दांत सांगावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. माणूस अबोल, वय साठीच्या पुढं, आणि इंदुताईही थकत चालल्या होत्या. आता नाही सांगितलं तर मग राहिलंच.

शहाण्णव साली तो योग आला. इंदुताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मराठी मंडळींनी जामबागेतल्या शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठरवला आणि सर्वांत जुना श्रोता म्हणून नामदेवरावांनी बोलावं, असंही ठरलं. सूत्रसंचालन अपर्णाकडे. अपर्णा म्हणजे कऱ्हाळ्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरीण. तिचा नवरा चिन्मय कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्या कंपनीनं दोघांना पुण्याहून उचलून हैदराबादेत आणून ठेवलं होतं. पोरगी गुणी, गाण्यात परीक्षा दिलेली, मनानं सरळ. पुण्याची असल्यामुळे चूक दिसली की ती तिला झाकता येत नसे, एवढाच काय तो दोष. तिनं आग्रह धरला की काकांनी भाषण आधी वाचून दाखवावं.

सत्काराच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, नामदेवराव चष्मा पुसून बसले. समोर अपर्णा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पद्मावतीबाई अंबाडीची पानं खुडत होत्या. आठ पानांचं भाषण होतं, कचेरीच्या वळणाच्या अक्षरात. गौतमचं नाव त्यात नव्हतं. 'माझ्यावर आलेला एक प्रसंग' एवढंच होतं. पण त्या ओळीवर मात्र तीन पानं होती. काल ना परत मोहे. मोह कसा माणसाला मागं ओढतो, काळ कसा कुणासाठी थांबत नाही, आणि या अडाणी माणसाला ताईंनी एका ओळीत हे कसं शिकवलं. वाचता वाचता नामदेवरावांचा आवाज भरून आला. चांगलं जमलंय असं त्यांनाच वाटलं.

अपर्णा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"का गं, लांबलं का?"

"नाही काका. फार सुंदर आहे." मग ओढणी सोडून, "काका, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"ते 'काल' नाहीये हो. 'कल' आहे. विलंबितात, संथ लयीत गाताना 'क' लांबतो ना, म्हणून 'का' ऐकू येतो. कल म्हणजे चैन, आराम. आणि 'परत' म्हणजे पडत. कल ना परत मोहे. मला चैन पडत नाही."

नामदेवरावांनी कागदाकडे पाहिलं. "आणि मोहे?"

"मोहे म्हणजे मला." अपर्णा अगदी हळू म्हणाली. "ती ब्रज भाषा आहे. नायिका म्हणतेय, मला चैन पडत नाही, अंगण सुनं लागतंय. अंगणाचं तुमचं बरोबर आहे."

एखाद्या कारकुनानं तेवीस वर्षं चुकीच्या नंबराची फाइल चालवावी, तिच्यावर शेरे मारावेत, सह्या घ्याव्यात, आणि निवृत्तीनंतर साहेबानं म्हणावं की ही फाइल तुमच्या खात्याची नव्हतीच, तसं नामदेवरावांना झालं. मोह नव्हता, काळ नव्हता, उपदेश नव्हता. कुठली तरी बाई सजणासाठी झुरत होती. आणि आपण तिच्या अंगणात बसून स्वतःच्या पोरासाठी रडत होतो. त्यांना आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग काढायला समोर अपर्णाच होती.

"उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलायला सांगा," ते म्हणाले आणि आठही पानांची घडी घालू लागले. "मला जमणार नाही. ज्या गोष्टीसाठी आभार मानायचे ती गोष्टच खोटी."

अपर्णाच्या डोळ्यात पाणी आलं. "काका, मी उगीच बोलले."

"उगीच नाही बोललीस पोरी," उंबऱ्यातून पद्मावतीबाई म्हणाल्या. "खरं तेच बोललीस. मला ठाऊक होतं."

नामदेवरावांनी विचारलं, "काय ठाऊक होतं?"

"तेच. कल म्हणजे चैन. आमच्या गाण्यांत शंभर ठिकाणी येतंय ते. अमीना आपांनी मला तुमच्या आधी सांगून ठेवलं होतं. तुम्ही त्या दिवशी ताटावर बसून अर्थ सांगितला, तेव्हाच मला कळलं की ह्यांनी उलटंच ऐकलंय."

"आणि तू बोलली नाहीस? तेवीस वर्षं?"

"कशाला बोलू?" पद्मावतीबाईंनी पानांची परात बाजूला सारली. "पाच महिने तुम्ही जेवला नव्हतात. विकासला हात लावला नव्हता. पोराचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी आलात, बसून जेवलात, गौतमचं नाव घेतलंत, मला पद्मा म्हणलात. तुम्ही म्हणता, काल परत येत नाही. मी मनात म्हणलं, काल नाही आला तर नको येऊ दे, माणूस तर परत आला. आता त्याला काय म्हणायचं, की अहो, तुमचा शब्द चुकला? चुलीत गेला तो शब्द."

अपर्णा कधी उठली आणि जिना चढून गेली, ते दोघांनाही कळलं नाही.

नामदेवराव घडी घातलेले कागद हातात धरून बसले होते. त्यांना एवढंच सुचलं, "मी तुला त्या वेळी नको ते बोललो होतो. रेडिओवरून."

"हौ, बोलला होतात."

"मग तू का नाही बंद केलास?"

पद्मावतीबाईंनी बोटांना लागलेला अंबाडीचा चीक पदराला पुसला. "भिंत एक वीट जाड. पलीकडं आपा, इकडं तेव्हाची घरमालकीण. मी रडले की दोघी धावत येत, पाणी देत, पाठीवर हात फिरवत. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण मला रडू देत नव्हत्या. आणि तुमच्यासमोर रडावं तर तुम्ही आधीच दगड होऊन बसलेले. मग मला सापडलं. रविवारी रेडिओ मोठा केला की तुम्ही चिडून बाहेर जाता, शेजाऱ्यांना नुसती गाणी ऐकू येतात, आणि मला तासभर मिळतो. कणीक मळत मळत मी रडून घ्यायची. तुम्ही यायच्या आत तोंड धुऊन भाकरी टाकायला बसायची."

नामदेवरावांनी हातातले कागद खाली ठेवले.

"तुम्हाला नुसत्या आ-आ वर रडू येतं," ती म्हणाली. "चांगलं आहे. मला नाही येत. मला शब्द लागतात. कुणी तरी माझ्या वतीनं बोलावं लागतं. त्या रेडिओतल्या बाया बोलायच्या. तुम्हाला इंदुताई होत्या, मला त्या होत्या. देव त्यांचं भलं करो."

ज्या गाण्यांना आपण एवढी वर्षं नावं ठेवली त्यांनी आपल्या बायकोला सांभाळलं होतं. आपण घरातून निघून जात होतो तेव्हा ती गाणी तिच्यापाशी बसत होती. नामदेवरावांना हे इतकं लख्ख कळलं की त्यांनी कपाळाला हात लावला. खोल पाण्यातला माणूस कोण होता आणि काठावर कोण बसलं होतं? आणि या सगळ्यात राग यायला हवा होता तो कुठं गेला होता? उपकाराचं केवढं गाठोडं कुणी तरी न सांगता आपल्या उशाशी ठेवलं आणि आपण त्यावर डोकं ठेवून तेवीस वर्षं झोपलो, असं त्यांना वाटलं.

"उद्या तू चल," ते म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं."

"मला तरी कुठं कळतंय? ते तर आज सिद्धच झालं."

पद्मावतीबाई हसल्या. मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा पानं खुडायला घेतली.

रविवारी हॉल भरला होता. इंदुताई हिरव्या काठाच्या साडीत, खुर्चीत जरा कलून बसल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, दोन मोठ्या लोकांची मोठी भाषणं झाली. केबलच्या या जमान्यात शास्त्रीय संगीताचं कसं होणार, याची चिंता व्यक्त करून झाली. मग अपर्णानं नामदेवरावांचं नाव घेतलं.

नामदेवराव कागद न घेताच वर गेले. "मी शनिवारपर्यंत ताईंच्या 'कल ना परत मोहे' या ओळीचा अर्थ चुकीचा समजत होतो," अशी त्यांनी सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं. काल, परत, मोह. लोक आधी बिचकत हसले, मग मोकळेपणानं हसले. नामदेवरावही हसले. "हैदराबादेत राहून आमचं असंच होतं," ते म्हणाले. "चार भाषा कानावर पडतात आणि एकही धड आत जात नाही. तेव्हा ताई, मी कशाबद्दल आभार मानावेत, हेच आता मला कळेना झालंय. तुम्ही सांगितलंच नाहीत ते मी तुमच्याकडून शिकलो."

हशा झाला. पण इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढं करून माईक मागितला.

"नामदेवराव, तुम्ही त्या तोडी रागात रडायचात. केव्हा रडायचात?"

"केव्हा म्हणजे?"

"गाण्यात कुठं?"

नामदेवरावांनी डोळे मिटले. त्यांना नावं येत नव्हती, पण जागा पाठ होती. "तुम्ही खाली खाली उतरत यायच्या. एकदम खाली. तिथं थांबायच्या. तेव्हा."

"तो मंद्रातला, खालच्या सप्तकातला धैवत," इंदुताई म्हणाल्या. "तोवर मी शब्द घेतलेलाच नसायचा. नुसता आ-कार. ओळ सुरू व्हायला अजून चार-पाच मिनिटं असायची. मी समोरच बसायची, मला दिसायचं ना. कुठल्या चुकीच्या अर्थानं रडवलं तुम्हाला? अर्थ यायच्या आधीच तुमचं रडून झालेलं असायचं. शब्द तुमचा चुकला असेल. धैवत चुकला नाही. आणि खरं सांगू का, मी माझ्या मुलींना सांगायची, काचीगुड्याच्या त्या गृहस्थांनी रुमाल काढला की समजा आज धैवत लागला. माझा आवाज उतरत गेला तशी मीही तुमच्या रुमालाकडे बघूनच गायले. तेव्हा आभार कुणी कुणाचे मानायचे, ते आपण नंतर बघू."

टाळ्या झाल्या. नामदेवरावांनी हात जोडले. इथं त्यांनी खाली यायचं, असं ठरलेलं होतं. अपर्णा पुढच्या माणसाचं नाव घ्यायला उठलीही होती. पण नामदेवराव माईकपाशीच उभे राहिले.

"अजून एक मिनिट द्या," ते म्हणाले. "मी काल भाषणात 'एक प्रसंग' असं लिहिलं होतं. तो प्रसंग नव्हता. तो माझा मुलगा होता. गौतम त्याचं नाव. सहा वर्षांचा होता. सिनेमाची गाणी लागली की फार छान नाचायचा." त्यांनी चष्मा काढला. "त्याच्या आईला माझ्या ओळीचा खरा अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता. तिनं मला सांगितला नाही, कारण मी त्या चुकीवर उभा होतो. स्वतः ती कशावर उभी होती, ते मी तेवीस वर्षं विचारलं नाही. ताई, तुमचे आभार मानायला मी आलो होतो. हिचे मानायचे राहिलेत."

तिसऱ्या रांगेत पद्मावतीबाई बसल्या होत्या. गौतमचं नाव त्यांनी नवऱ्याच्या तोंडून परक्या माणसांत आज पहिल्यांदाच ऐकलं. त्या रडू लागल्या. पदर तोंडात न कोंबता, दीडशे माणसांच्या भरल्या हॉलमध्ये, मोठ्यानं. कुणी पाणी आणायला धावलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. इंदुताईंनी नुसत्या हाताच्या खुणेनं सगळ्यांना बसून राहायला सांगितलं होतं. नामदेवराव तीन पायऱ्या उतरून खाली आले, बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि तिचं रडून होईपर्यंत तिथंच बसून राहिले.